मुलीकडच्यांनी नकार दिला नव्हता

माझ्या मेव्हण्याच्या पंचाहत्तरीला मी जायलाच नको होते, असे माझी मुलगी म्हणते. मला ते मान्य नाही. गेलो नसतो, तर माझ्या पाठीमागे इतकी वर्षे काय सांगितले जात आहे ते मला कधीच कळले नसते. समारंभ वारज्याच्या एका मंगल कार्यालयात होता. औक्षण झाले, शाल-श्रीफळ झाले, आणि पाने मांडली जात असताना सत्कारमूर्तीच्या हातात माइक आला. हातात माइक असलेल्या माझ्या मेव्हण्याला आवरणे त्याच्या सुनेलाही जमत नाही, आणि ती शाळेत मुख्याध्यापिका आहे.

आयुष्यभर किती लग्ने जमवली हे सांगता सांगता तो माझ्या मुलावर आला. म्हणाला, "ताईच्या मुलासाठीसुद्धा मी स्थळ आणलं होतं. सगळं जमत आलं होतं हो! पण मुलीकडच्यांना ऐन वेळी वास लागला आणि त्यांनी आम्हाला अक्षरशः उठवून लावलं. आणि आमचे चिरंजीव? हात जोडून म्हणतात कसे, 'पोहे फार छान झाले होते. येतो आम्ही!'"

सगळे कार्यालय हसले. माझा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. सगळे हसत आहेत हे पाहून तोही हसला. मग मेव्हण्याने डोळ्यांना रुमाल लावला आणि ताई, म्हणजे माझी पत्नी, त्या धक्क्यातून शेवटपर्यंत सावरली नाही, पण भाच्याची जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे, असे जाहीर केले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही थोड्या वेळाने माझ्या मुलाला स्वच्छतागृहाकडे नेण्याची आठवण झाली नाही. मी ऐंशी ओलांडलेला माणूस काठी टेकत त्याला घेऊन गेलो, आणि आम्ही परत येईपर्यंत आमच्या पानांवर दुसरे कोणी बसले होते.

तेव्हा त्या दिवशी काय घडले ते मीच लिहून ठेवतो. त्या खोलीत मी होतो. मेव्हणाही होता, पण ज्याला आपण उठवले गेलो की आपण उठलो यातला फरक आठवत नाही, त्याची साक्ष मी ग्राह्य धरत नाही.

माझ्या मुलाचे वय आज पंचेचाळिशीच्या पुढे आहे. तो लहान असताना डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते की याची बुद्धी पाच वर्षांच्या मुलाएवढी राहील. हे वाक्य नातेवाइकांना फार सोयीचे वाटले आणि ते आजही पुढच्या पिढीला तेच ऐकवतात. मी तेव्हाही हरकत घेतली होती. पाच वर्षांचे मूल सहाव्या वर्षात जाते. माझ्या मुलाची तुलना ज्याच्याशी करावी असे मूल कुठल्याच वयात नाही. तो स्वच्छ बोलतो, माणसे ओळखतो, गाणे एकदा ऐकले की त्याची चाल धरतो. रस्ता त्याला ओलांडता येत नाही, घड्याळ कळत नाही, आणि खोटे बोलणे म्हणजे काय हे त्याला समजावून सांगण्याचा मार्ग मला सापडलेला नाही.

मंडईमागच्या गल्लीत माझे चष्म्यांचे दुकान होते. दुपारनंतर मी त्याला तिथे बसवत असे. तो मऊ कापडाने काचा पुसायचा. एक काच त्याच्या हाती दिली, की दुसरी देईपर्यंत तो तीच पुसत राही. गिऱ्हाइके म्हणत, "वा, मदतीला मुलगा आहे!" मी त्यांची चूक दुरुस्त करीत असे. त्यामुळे गिऱ्हाइके तुटतात, असे माझी पत्नी म्हणायची. तुटोत, असे मी म्हणायचो.

त्याला जे काही येत होते ते सगळे माझ्या पत्नीने शिकवले होते, आणि तिची पद्धत कोणत्याही शाळेतून आलेली नव्हती. ती उलटीकडून शिकवायची. सदरा घालायचा, तर आधी सगळा सदरा स्वतः चढवून, वरची सगळी बटणे लावून, फक्त शेवटचे बटण ती त्याच्यासाठी ठेवी. ते त्याला जमले की काम पुरे झाल्याचा आनंद त्याचा. मग शेवटची दोन, मग तीन. अंघोळीचेही तसेच. अंग पुसणे प्रथम, मग पाणी घेणे, साबण सर्वांत शेवटी. प्रत्येक गोष्टीत शेवट पक्का आणि सुरुवात कच्ची, असा तो तयार झाला. खास मुलांच्या शाळेतल्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "असं करू नका, मुलं गोंधळतात." त्यांच्या वर्गात वर्षभर राहून तो चपलेचा पट्टा लावायला शिकला नाही. आईने तो त्याला दिवाळीच्या सुट्टीत शिकवला.

तो पंचविशीच्या आसपास पोहोचला आणि तिला आपल्यानंतरची काळजी खाऊ लागली. मलाही ती होतीच. मला काळजी नव्हती असे कोणी म्हणत असेल, तर त्याने समोर येऊन म्हणावे. पण तिच्या काळजीवर तिच्या भावाने उपाय काढला: लग्न. हडपसरच्या पलीकडे एक गाव होते. ते आता महापालिकेत आले आहे आणि तिथे इमारतीच इमारती आहेत. तेव्हा चहूकडे ऊस होता. तिथल्या एका घरी चार मुली होत्या. थोरलीचे लग्न झालेले होते. दुसरी बालवाडीत मदतनीस म्हणून जात असे. मेव्हण्याने तिचे स्थळ आणले.

"अहो, सगळी मुलं लग्नानंतरच शहाणी होतात," पत्नी म्हणाली.

"मी झालो का?" मी विचारले.

"तुमचं सोडा," ती म्हणाली.

मी विरोध केला. मेव्हणा सांगतो की मी आधी होकार दिला आणि तिथे जाऊन फिरलो. हे धादांत खोटे आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी पत्नी मला म्हणाली, "तुम्ही फक्त गप्प बसा. बाकीचं मी बघते." मी उत्तर दिले नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार, असा आमच्या घरात तोवर कोणी लावला नव्हता.

महिनाभर तिने त्याची तयारी करून घेतली होती. नेहमीप्रमाणे शेवटाकडून. आधी निरोप घ्यायचा, उठायचे, हात जोडायचे, "पोहे फार छान झाले होते. येतो आम्ही." हे पक्के झाल्यावर खाणे: बशी हातात कशी धरायची, सांडायचे नाही, आईने मान हलवली की मगच सुरू करायचे. मग प्रश्नांची उत्तरे. नाव. "वडिलांच्या दुकानात बसतो." "साधं जेवण आवडतं." प्रत्येक उत्तराआधी एक श्वास थांबायचे, म्हणजे माणूस विचार करून बोलतो आहे असे दिसते. स्वयंपाकघरात ती मुलीचा बाप होई, मी दारात उभा राहून पाही. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि हे सगळे पाहून हसत असे. आज ती या विषयावर माझ्याशी भांडते, तेव्हा मी तिला आठवण देतो की तू हसत होतीस आणि त्या दिवशी तू आमच्याबरोबर नव्हतीस.

आम्ही मेव्हण्याच्या गाडीतून गेलो. पुढची खोली नव्या स्लॅबची होती, मागे पत्रा होता. सतरंजी घातलेली होती. मुलीचा बाप उंच, हाडकुळा, बोलायला मोजका. आणि इथे मला एक गोष्ट नोंदवायची आहे, कारण मेव्हण्याच्या भाषणात ती नव्हती. माझा मुलगा त्या दिवशी कुठेही चुकला नाही.

त्याने नाव सांगितले. श्वास घेऊन थांबला आणि म्हणाला, "वडिलांच्या दुकानात बसतो."

"दुकानात काय काय बघता?" मुलीच्या बापाने विचारले. हा प्रश्न तयारीत नव्हता.

"काचा," मुलगा म्हणाला.

"बरोबर. चष्म्याच्या दुकानात काचाच," बाप म्हणाला आणि हसला. मेव्हण्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी पाहत होतो पत्नीकडे. आमच्या संसारात आमच्या मुलाकडे पाहताना तिचा चेहरा असा झालेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांच्या आयांचे चेहरे दुकानासमोरून जाताना मी पाहिले होते. तसा तो झाला होता. तिच्या वाट्याला ते एवढेच आले, हे मला ठाऊक आहे. मी पुढे जे केले ते हे ठाऊक असताना केले.

मुलीने पोहे आणले. मुलाच्या पुढे बशी ठेवून ती मागे सरली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. त्याने आईकडे पाहिले, आईने मान हलवली, त्याने खायला सुरुवात केली. एक दाणा सांडला नाही.

मेव्हण्याने मांडीवर थाप मारली. "मग? सुपारी फोडायची का?"

"थांबा," मी म्हणालो. पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. "माझा मुलगा जन्मापासून मतिमंद आहे. दुकान तो सांभाळत नाही, दुकानात त्याला मी सांभाळतो. त्याची दाढी मी करतो. हे ऐका, आणि मग फोडायची तर सुपारी फोडा."

मेव्हण्याच्या कथेत इथे आरडाओरड आहे. प्रत्यक्षात मुलीच्या बापाने बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "आम्हाला म्हाईत हाय ते."

मी मेव्हण्याकडे पाहिले. तो छताकडे पाहत होता.

"तुमच्या मेव्हण्यांनी समदं सांगितलंय," बाप म्हणाला. "पोरीच्या डोक्यावर छप्पर ऱ्हाईल, पोटाला मिळंल. नवरा पिणार न्हाई, मारणार न्हाई. आमच्या थोरलीचा दोन्ही करतो."

म्हणजे ज्यांना फसवले जात आहे असे मला वाटत होते, त्यांना सगळे ठाऊक होते. सगळ्यांनाच ठाऊक होते. आता एकच माणूस उरत होते.

"मुलीला माहीत आहे का?" मी विचारले.

"तिला काय इचारायचं त्यात?"

"तिलाच विचारायचं," मी म्हणालो.

तिला कोणी विचारले नाही. ती स्वतःच पुढे आली. बापाकडे किंवा माझ्याकडे न पाहता सरळ माझ्या मुलासमोर बसली. बालवाडीतल्या मुलांशी बोलताना बसत असेल तशी, गुडघे दुमडून. तिने विचारले, "तुम्हाला लग्न करायचंय का?"

त्याने शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला. आईकडे पाहिले. आई सतरंजीकडे पाहत होती. तो थांबला, पुन्हा पाहिले, आणि म्हणाला, "आईला करायचंय."

मुलगी उठली आणि आत गेली. तिने होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. बापाने नकार दिला नाही. कोणी कोणाला उठवून लावले नाही. खोलीत नुसती शांतता होती, आणि बोलणे थांबले म्हणजे कार्यक्रम संपला, असे माझ्या मुलाला वाटले. जे त्याला सर्वांत आधी आणि सर्वांत पक्के शिकवले होते, ते त्याने केले. उठला, हात जोडले, आणि मेव्हण्याने माइकवर म्हणून दाखवले ते वाक्य म्हणाला. तिथे कोणी हसले नव्हते. मुलीच्या बापानेही उभे राहून हात जोडले.

गाडीत मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमचा पुतळा उभारला पाहिजे. सारसबागेसमोर. पण एक लक्षात ठेवा, पोरगं तुमचं आहे. तुमच्यानंतर मी नाही सांभाळणार." ज्या सज्जनांनी पंचाहत्तरीला टाळ्या वाजवल्या, त्यांच्या माहितीसाठी हे लिहिले.

मागच्या सीटवर मुलाने आईला विचारले, "मी बरोबर बोललो?"

"बरोबर बोललास," ती म्हणाली. त्या विषयावरचे तिचे हे शेवटचे शब्द.

ती धक्क्याने गेली नाही. तिची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि तेही पुष्कळ वर्षांनी. मेव्हणा दर आठवड्याला डायलिसिसला भेटायला येत असे, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवसानंतर घरात एक गोष्ट बदलली, ती त्याला ठाऊक नाही आणि माझ्या मुलीनेही ती कधी पाहिली नाही, कारण बदल फार हळू झाला. पत्नीने मुलाला शिकवणे थांबवले. नुसते थांबवले नाही. जे शिकवले होते तेही ती त्याच्या हातून एकेक करून काढून घेऊ लागली. बटणे ती लावू लागली. चपलेचा पट्टा ती लावू लागली. तो न्हाणीघरात स्वतः अंघोळ करीत असे. ती आत जाऊन त्याला अंघोळ घालू लागली, तेही साबणापासून, सुरुवातीपासून. तो हात पुढे करी, ती हात बाजूला सारी. नातेवाईक म्हणत, काय ही माया! मी म्हणालो, "अगं, त्याला येतं ते." ती म्हणाली, "येऊन काय करायचंय?"

मी वाद घातला नाही, असे नाही. पण तिने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी उत्तर दिले असते. माझ्याजवळ उत्तर तयार होते, आजही आहे. मेव्हण्याची हकीकत खोडता येते, माझ्या मुलीची खोडता येते. पत्नीने तिची हकीकत सांगितलीच नाही, म्हणून तिच्याशी मला भांडता येत नाही.

ती गेली तोवर त्याच्या हातून जवळजवळ सगळे गेले होते. मी दुकान बंद केले, आणि मुलाचे सगळे मी करू लागलो. आता माझेही हात थरथरतात. दाढी करताना त्याच्या गालाला ब्लेड लागते. तो नुसता माझ्याकडे पाहतो. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ मागे घरी आले आणि दयार्द्र आवाजात म्हणाले, "देवाने त्याला तुमच्या आधी न्यावं, हीच प्रार्थना." मी त्यांना चहा न देता दार दाखवले. पुण्यात एरवीही चहा मिळत नाही असे लोक म्हणतात. या वेळी कारण होते.

माझी मुलगी हडपसरला राहते, आयटीत आहे. तिचे दोन मुलगे, सासूबाई आणि दोन खोल्यांचा फ्लॅट. तिने त्याला सांभाळावे असे मी कधी म्हटले नाही आणि म्हणणार नाही. मुंबईच्या रस्त्याला, डोंगराच्या बाजूला, अशा प्रौढांसाठी एक निवासी संस्था आहे. ती तिने शोधली. पंचाहत्तरीनंतरच्या आठवड्यात ती आम्हा दोघांना तिथे घेऊन गेली. जागा स्वच्छ आहे. मुले, म्हणजे पन्नाशीची मुले, अंगणात मेणबत्त्या कागदात गुंडाळत बसली होती. माझा मुलगा त्यांच्यात जाऊन बसला आणि एकाने त्याच्या हातात कागद दिला. बराच वेळ तो कागद गुळगुळीत करीत राहिला. आपल्याला उठायचे आहे हे त्याला आवडले नाही.

व्यवस्थापिकाबाईंनी मला विचारले, "स्वतःची अंघोळ, शी-शू स्वतः करतात ना? आमच्याकडे माणसं कमी आहेत. ते येत नसेल तर आम्ही घेऊ शकत नाही."

मुलीने माझ्या कोपराला हात लावला.

"नाही येत," मी म्हणालो. "एके काळी येत होतं."

बाई वाईट नव्हत्या. दिवाळीपर्यंत जागा ठेवते म्हणाल्या. तोवर शिकला तर या.

परतताना, चांदणी चौकातल्या गर्दीत, मुलीचा संयम सुटला. "बाबा, तेव्हाही तुम्हीच ठरवलंत, आताही तुम्हीच. ती मुलगी आपल्या घरी आली असती तर आज दादाला कोणीतरी असतं. तिच्या बहिणीपेक्षा बरी राहिली असती ती! पण मामाने जमवलेलं तुम्हाला नको होतं. तुमचा इगो मोठा."

"ती बरी राहिली असती का, हे तिने ठरवायचं होतं. तिने विचारलं आणि तिला उत्तर मिळालं."

"आणि आईला कोणी विचारलं?"

मी खिडकीबाहेर पाहिले. पुढच्या गाडीवाल्याने उगाच हॉर्न वाजवला, त्याला मी काच खाली करून चार शब्द सुनावले.

आता रोज सकाळी मी न्हाणीघरात स्टुलावर बसतो. तिने शिकवले होते त्याच क्रमाने सुरू केले आहे, कारण दुसरा क्रम त्याच्या अंगात उतरत नाही. अंग पुसणे आले. पाय मात्र तो अजून ओलेच ठेवतो. तांब्या भरतो, डोक्यावर नेतो, आणि तिथे धरून उभा राहतो, मी 'ओत' म्हणेपर्यंत. मी म्हणायचे नाही असे ठरवले आहे. तो थांबतो, मी थांबतो. त्याला थंडी भरते. मग मला म्हणावे लागते.

गेल्या रविवारी मुलगी आली. मुलगा आत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, प्रॅक्टिकल व्हा. दिवाळीत सांगून टाकू, करतो म्हणून. एकदा आत गेला की ते काय परत पाठवणार आहेत?"

"पाठवतील."

"आणि पाठवला तर बघू ना तेव्हा."

"तेव्हा दार कोण उघडणार?" मी विचारले. "मी असेन तर मी उघडेन. मी नसेन आणि तो पिशवी घेऊन या दारात उभा असेल, तर? खोटं बोलून मिळवलेली जागा त्याच्याकडून कोणीही एका सकाळीत काढून घेईल. त्या मुलीशी लग्न लावलं असतं तरी हेच झालं असतं. तिथे तर तिलाही जायला दुसरं दार नव्हतं."

"आणि दिवाळीपर्यंत नाही शिकला तर?"

मी तिला सांगितले की प्रश्न चुकीचा आहे. ती म्हणाली की प्रश्न हाच आहे, आणि तिचे डोळे भरून आले. रडण्याने मुद्दा सिद्ध होत नाही, हे मी तिच्या लहानपणी तिला अनेकदा सांगितले होते. ते पुन्हा सांगणार होतो, इतक्यात आतून त्याने हाक मारली. तो तांब्या धरून उभा असणार. मी उठलो, आणि वाद तेवढ्यावर राहिला आहे.